उभ्या गाडीचा हिवताप

पेरमिलीत मोहाच्या झाडाखाली सभा चांगली रंगात आली होती, आणि इकडे मोटारीत बसल्या बसल्या लटारूचा उजवा पाय मेला होता.

मेला म्हणजे काय, मुंग्या येऊन गेल्या, कळ येऊन गेली, आता नुसतं लाकूड उरलं होतं. तरी ते लाकूड अ‍ॅक्सिलेटरवरून उचलायची सोय नव्हती. उचललं की इंदुताईंची ती जुनी काळी मोटार आधी कण्हायची, मग खांदे उडवायची, आणि मग दारं, काचा, दिवे सगळं अंग घेऊन अशी थडथडा कापायची की हिवताप चढलेला माणूस तिच्यापुढे शांत म्हणावा. शेवटी एक उचकी, आणि गप्प. धावताना मात्र काही तक्रार नाही, लाडक्या लेकीसारखी धावायची. दुखणं सगळं उभं राहण्यात. धावत्या मोटारीत डायव्हर दमतो हे कुणालाही पटेल, पण उभ्या मोटारीत बसून माणूस घामानं निथळतो हे लटारूनं सांगावं कुणाला?

आणि तिला बंद पडू द्यायचं नाही, यालाही कारण होतं. बटण दाबलं की चालू होण्याचा जमाना गेला होता. त्या बटणाच्या स्टार्टरचा सुटा भाग नागपूरहून येणार होता आणि तो अजून नागपुरातून निघालाच नव्हता. पुढून तोंडात लोखंडी हँडल घालून गरकन फिरवलं तरच ती उठायची. हेच हँडल संक्रांतीच्या सुमारास उलटं फिरून लटारूच्या उजव्या मनगटावर बसलं होतं. तेव्हापासून मनगटाचं तंत्र असं, की सकाळी शहाण्यासारखं वागायचं आणि दिवस कलला की भाकरीसारखं फुगायचं. ही गोष्ट लटारूला ठाऊक, त्याच्या बायकोला धुरपताला ठाऊक, आणि तिसऱ्या कुणालाही ठाऊक नाही. हँडल मारता येत नाही असा डायव्हर कोण ठेवतं?

म्हणून तो गावात शिरला की आधी उतार शोधायचा. तलावाची पाळ, तो उंच बांध, दिसला की त्याचा जीव थाऱ्यावर यायचा. पाळीवर गाडी उभी केली की बंद पडली तरी पर्वा नाही, ब्रेक सोडला की गडगडत खाली आणि चालू. पण पेरमिली पडली सपाट.

तिकडे इंदुताई शाळेचं समजावत होत्या. त्या जनपद सभेच्या मेंबर. जंगलातल्या प्रत्येक गावात एक तरी शाळा उघडायची हे त्यांनी मनावर घेतलं होतं.

"पोट्टे शाळेत जातीन, मंग शेरडं कोन राखन?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"तुम्ही राखा की! तुम्हाला काय काम आहे?" इंदुताई म्हणाल्या, आणि सगळी सभा खिदळली.

ते हसू ऐकता ऐकता लटारूचा डोळा लागला. पाय सैल पडला. मोटार कण्हली, खांदे उडवले, कापली, आणि तिनं ती उचकी दिली. हसणारी सभा एकदम गप्प झाली. झाडाखालून कुणीतरी ओरडलं, "बाई, तुमची मोटार मेली जी!"

मग काय, शाळेची सभा गाडी ढकलायला लागली. म्हातारे, पोट्टे, दोन कुत्री, आणि पदर खोचून खुद्द इंदुताई. लटारू आत बसून स्टीअरिंग धरत होता आणि मागच्या आरशात बाईंचा लाल झालेला चेहरा दिसत होता. त्यानं आरसा जरा वर फिरवला.

जंगलातल्या रस्त्यानं मोटार परत निघाली. इंदुताईंचा आवाज दिवसभर बोलून बसला होता. अर्ध्या वाटेवर त्या मागच्या सीटवरून म्हणाल्या, "लटारूभाऊ."

"जी बाई."

"मूल गावचे नानाजी माहीत आहेत ना, धानाच्या गिरणीवाले? त्यांना इंजिन पाहिजे आहे. रविवारी येतो म्हणाले."

लटारूनं एक खड्डा चुकवला. "कोनतं इंजिन?"

"हेच. काढून गिरणीला लावतील. गिरणीत ते सारखं पळत राहील, उभं राहायचा प्रश्नच नाही."

"अन तुमी कशा फिरसान?"

"सर्विस मोटार जिथवर जाते तिथवर सर्विस मोटारनं, पुढं बैलबंडीनं. गावोगाव लोकांकडून गाडी ढकलून घ्यायची आणि त्यांनाच सांगायचं, पोरं शिकवा, जग पुढं चाललं! लाज वाटते हो मला."

अन मी? असं लटारूला विचारायचं होतं. ते ओठापर्यंत आलं आणि परत गेलं. बंडी तर त्यालाही हाकता येत होती, जन्म त्यातच गेला होता. पण मोटार शिकला तेव्हाच त्यानं आपली बैलजोडी विकून टाकली होती. आता या वयात दुसऱ्याची बंडी हाकायची, दुसऱ्याच्या बैलांच्या शेपट्या पिळायच्या, तेही असल्या मनगटानं.

इंदुताईंनाही तो न विचारलेला प्रश्न ऐकू गेला असावा. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "शनिवारी आलापल्लीला बाबूभाईकडे घेऊन जा. शेवटचं. अहेरीला परत येऊन ती माझ्या दारात तुमच्या पायाशिवाय उभी राहिली, तर नानाजींना नाही म्हणून कळवते. नाही राहिली, तर मग माझाही इलाज नाही."

"जी," लटारू म्हणाला.

*

बाबूभाई मिस्त्री म्हणजे आलापल्लीच्या लाकूड डेपोतल्या ट्रकांचा जीवनदाता. सागाच्या ओंडक्यांखाली कंबर मोडलेले ट्रक त्याच्या अंगणात रांगत यायचे आणि धावत जायचे. फक्त या काळ्या मोटारीनं त्याचं नाक कापलं होतं. नाक कापलं, असं लटारूचं म्हणणं. बाबूभाईचं म्हणणं होतं की गाडीला काही झालेलंच नाही.

आणि त्याचं चुकत होतं असंही नाही. कारण दर वेळी घडायचं ते असं.

लटारू जातीचा बंडीवाला. इंदुताईंचे यजमान जंगलाचे ठेकेदार होते, त्यांच्या बंड्या हाकता हाकता तो मोटार शिकला, पण हात बंडीचाच राहिला. दुरून चालून आलेल्या बैलाला कुणी तसाच वैदूपुढे उभा करत नाही. आधी जू उतरवायचं, सावलीला बांधायचं, पाणी दाखवायचं, त्याचा श्वास खाली बसू द्यायचा. लटारू मोटारीचंही तेच करायचा. आलापल्लीला पोचला की बाबूभाईच्या दारातल्या चिंचेखाली तिला उभी करायची, बंद करायची, बॉनेटचे दोन्ही पंख उघडायचे, रेडिएटरला पाणी पाजायचं, चाकांवर पाणी मारायचं. चुकून एकदा त्यानं बॉनेटवर हातही फिरवला होता. मग तो आणि बाबूभाई चहा पीत बसायचे. गाडीनं दम खाल्ला की बाबूभाई उठायचा, हँडलचा एक झटका मारायचा, आणि ती लबाड अशी गोड गुरगुरायची की विचारू नका! पाय नको, हात नको, मांजरासारखी उभी.

"ये देख!" बाबूभाई म्हणायचा. "रानी है, रानी! तुले नुसता वहम झाला, लटारूभाऊ."

तरी त्यानं प्लग घासले होते, कार्बोरेटर उघडून फुंकला होता, स्क्रू अर्धा आटा इकडे, अर्धा आटा तिकडे करून पाहिला होता. आणि लटारू परत निघाला की अहेरीच्या वेशीवर पुन्हा तीच थडथड.

शनिवारी दुपारीही तेच झालं. चिंचेची सावली, पाणी, चहा, झटका, गुरगुर. बाबूभाईनं हात पुसले आणि लटारूकडे पाहिलं.

"भाऊ, एक सांगू? बुरा मत मानना. बिमारी गाडीत नाई. तू थकला. झोप येते तुले, पाय सटकते, गाडी बंद पडते, अन तू गाडीवर ढकलतो."

एरवी लटारू भांडला असता. आज त्यानं नुसता पेला खाली ठेवला. "असंन बापा," तो म्हणाला. "उद्या नानाजी येतीन. इंजिन गिरणीत जाईन. मंग तुले बी तरास नाई अन मले बी नाई."

बाबूभाईचा चेहरा उतरला. थट्टा करायला तो बसला होता, पण उत्तरादाखल असं काही ऐकायला नाही.

तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला, "माझा डाक्टर बी अस्साच."

ओसरीवरच्या बाजेवर बाबूभाईची बायको शमसुन्निसा पडली होती. चैत्राचं ऊन असं की पत्र्यावर पापड भाजावा, आणि ही गोधडीत हनुवटीपर्यंत! दिवसाआड तिला हिवताप यायचा, बरोबर दुपारी. आजचा नुकताच उतरत होता, दात अजून मधूनच वाजत होते.

"तुम्हारा डाक्टर कहाँ से आया इसमें?" बाबूभाई म्हणाला.

"दुपारी मी इथी खाट हालवते, तवा थो येत नाई. दिवस बुडता बुडता येते. तवर ताप पळून जाते. नाडी धरते अन म्हणते, बीबी तो ठीक है, दिल की कमजोरी है!" तिनं गोधडीतून हात काढून मोटारीकडे केला. "तुमी बी तेच करून राह्यले. गाडी थरथरत येते, तुमी तिले सावली देता, पानी पाजता, च्या पेता, मंग इचारता, कुठी दुखते? काऊन सांगन ते?"

बाबूभाईनं कानामागची विडी काढली आणि पेटवायची विसरून ओठात धरली.

"चल बे, लटारू," तो म्हणाला. "बैठ. डेपोच्या पुढं मोठ्या नाल्यापर्यंत जाऊ अन वापस. मी सोबत."

*

जाताना रानी राणीसारखी गेली. नाल्यावरून वळवली, परत आणली, ऊन मी म्हणत होतं, आणि डेपोच्या फाटकापाशी लटारूनं तिला जरा थांबवलं तशी ती कण्हायला लागली. बाबूभाईच्या मांडीवरचा पान्ह्यांचा डबा खुळखुळायला लागला. लटारूनं त्याच्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हे दुसऱ्या कुणीतरी अंगावर अनुभवलं होतं.

"या अल्ला," बाबूभाई म्हणाला. "असं होते?"

"असंच होते."

अंगणात शिरल्यावर लटारूचे हात सवयीनं चिंचेकडे वळले आणि किल्लीवर गेले.

"बंद नको करू!" बाबूभाई ओरडला. "पानी नाई, सावली नाई! उन्हातच राहू दे. पाय बस इतकाच ठेव, मरू नको देऊ तिले."

त्यानं बॉनेट उघडलं. आतून भट्टीसारखी धग आली. सगळं इंजिन खदखदा हलत होतं. बाबूभाई एकेका सिलिंडरची वायर काढून पाहत गेला. चारही जागी सारखंच. म्हणजे एका कुणाचा दोष नव्हता, सगळ्यांनाच काहीतरी कमी पडत होतं किंवा जास्त होत होतं. हात भाजले तशी त्यानं शिवी दिली, मागे सरला, आणि मघाची विडी अखेर पेटवली. एक झुरका घेऊन तो पुन्हा आत वाकला.

विडीचा धूर खरं तर पंख्याच्या वाऱ्यानं मागं उधळायला हवा. बराचसा गेलाही. पण त्यातली एक बारीक बट वेगळी झाली, खाली वळली, आणि कार्बोरेटरच्या वरच्या जाड नळीच्या पोटाशी, काळ्या मेणचट थराखाली, सुर्रकन नाहीशी झाली. जणू तिथं कुणी बसून दुसरी विडी ओढत होतं.

बाबूभाईनं पुन्हा धूर सोडला. पुन्हा तीच बट, पुन्हा तिथंच.

"लटारू," तो हळूच म्हणाला, जसं काही जोरात बोललं तर ते पळून जाईल. "इथी काय हाय?"

लटारू पाय तसाच ठेवून खिडकीतून लांब झाला. "कुठी?"

"अबे इथी, नळीच्या पोटाले."

बाबूभाईनं फडकं पाण्यात बुडवलं, घडी केली आणि त्या जागेवर अंगठ्यानं दाबून धरलं. चर्र झालं. आणि मोटारीची थडथड थांबली. एका श्वासात, झोपेत रडणाऱ्या पोरानं आईचा हात लागताच गप्प व्हावं तशी.

"पाय काढ," बाबूभाई म्हणाला.

लटारूनं पाय काढला. मोटार उभी होती. चालू होती. ओसरीवर शमसुन्निसा उठून बसली.

अंगठा भाजत होता तरी बाबूभाई तो काढेना. काढला की थडथड, दाबला की शांत. त्यानं दोनदा करून पाहिलं आणि मग मेणचट थर खरवडला. खाली लाकूड निघालं. सागाचा, अंगठ्याएवढा जाड खुंट, आणि त्याच्याभोवती वितळून काळी झालेली लाख, मधासारखी ओघळलेली.

तेव्हा लटारूला आठवलं, आणि त्यानं ते बाबूभाईला सांगितलं. लढाईच्या वर्षांत पेट्रोल मिळत नव्हतं, तर साहेबांनी, म्हणजे इंदुताईंच्या यजमानांनी, मोटारीच्या पाठीवर कोळशाची भट्टी बसवली होती. जंगलात कोळशाला काय तोटा! भट्टीचा गॅस इंजिनात न्यायला त्या नळीला भोक पाडलं होतं. लढाई सरली, भट्टी निघाली, भोक उरलं. साहेबांनी इथल्याच आरागिरणीतल्या सुताराकडून सागाचा खुंट तासून ठोकून घेतला होता. वरून लाख. या मुलखात भांड्याचं भोक बुजवायलाही लाख, कुऱ्हाडीचा दांडा बसवायलाही लाख, मग मोटारीलाच कशी सोडणार? सगळे म्हणाले होते, साग कधी दगा देत नाही.

"सागानं नाई देला," बाबूभाई म्हणाला. "लाखेनं देला. झिजत झिजत इतकीशीच उरली. गरम झाली की पाघळते, बाजूनं हवा घुसते, अन इंजिनाले थंडी भरते. तू दम खाऊ देतो, लाख पुन्हा घट्ट. अन मी म्हणतो, रानी है!" तो हसायला गेला, पण हसू अर्ध्यातच दमलं. "माफ कर भाऊ."

लटारू म्हणाला, "तू कायले माफी मांगते. सावलीत तर मीच ठेवून राह्यलो ना तिले."

मग गाडी बंद करून, थंड होऊ देऊन, खुंट काढला. भोकाला आटे पाडले आणि ट्रकचा एक आखूड बोल्ट तांब्याच्या वायसरसह आवळून बसवला. काम तसं थोडंच होतं. दुखणं सापडेपर्यंतच त्याचा डोंगर असतो.

"मार हँडल," बाबूभाई म्हणाला, हात धूत.

लटारू पुढं गेला आणि डाव्या हातानं हँडल धरलं. जमेना. त्यानं खांदा लावला, ओठ चावला. बाबूभाई हात धुता धुता थांबला.

"उजवा दाव."

"काई नाई रे. सकाळी बरा असते."

"आता दाव," बाबूभाई म्हणाला. "सकाळचा मले काय कराचा हाय?"

लटारूनं बाही वर केली. मनगट सुजून बाकीच्या हाताच्या रंगाचं राहिलं नव्हतं. बाबूभाईनं ते वळवून पाहिलं नाही, नुसतं धरलं, आणि ओसरीकडे पाहिलं. शमसुन्निसानं कपाळाला हात लावला.

"बाईले नको सांगू," लटारू म्हणाला.

"मी नाई सांगत," बाबूभाई म्हणाला. "तूच सांगशीन." आणि हँडल त्यानं स्वतःच मारलं.

*

अहेरीला इंदुताईंच्या दारात मोटार उभी राहिली तेव्हा ऊन कलंडलं होतं. लटारूनं गिअर काढला, ब्रेक लावला, श्वास रोखला आणि पाय उचलला.

ती उभी राहिली. तापलेली, धुळीनं भरलेली, आणि शांत. स्टीअरिंगवर ठेवलेल्या बोटांना नुसती बारीक गुदगुली.

आता बाई बाहेर येतील, त्यानं मनाशी म्हटलं. पण बाई येईनात. रोज गल्लीच्या तोंडाशी थडथड ऐकली की त्या चष्मा सावरत दारात यायच्या. आज थडथडच नव्हती, तर त्यांना कळावं कसं? हॉर्न वाजवावा, असं त्याच्या मनात आलं. पण तो वाजवायला हात उचलावा लागणार होता. येतीन, तो म्हणाला, आणि मेलेला पाय उघड्या दारातून बाहेर सोडला. पायाला काहीही काम नव्हतं. ही गोष्ट त्या पायाला खरीच वाटत नव्हती. संक्रांतीपासूनचा सगळा थकवा कुठं दडून बसला होता कोण जाणे, तो आता रांगेनं येऊन त्याच्या पापण्यांवर बसला.

इंदुताई दिवेलागणीला तुळशीपाशी आल्या तेव्हा त्यांना मोटार दिसली. आधी वाटलं बंद आहे. जवळ गेल्या तर बॉनेटच्या पत्र्याला बारीक कंप. आत लटारू मान टाकून झोपला होता, तोंड उघडं, एक पाय बाहेर लोंबत. बाही वर सरकली होती आणि उजवा हात मांडीवर पडला होता, कुणा दुसऱ्याचा आणून ठेवल्यासारखा.

त्यांनी हाक मारली नाही. उंबऱ्याच्या पायरीवर बसून राहिल्या. सभांनी दमलेल्या बाई, त्यांनाही कुठंतरी टेकायला हवंच होतं. समोरून कुणाचं तरी वासरू हंबरलं आणि लटारू दचकून उठला. त्याचा पाय आधी पेडलवर आपटला.

"बंद पडली?"

"नाही पडली," इंदुताई म्हणाल्या.

त्यानं कान दिला, हात लावून पाहिला, मग त्याला पटलं. "लय येळ झाला काय बाई?"

"किती पेट्रोल जळलं ते विचारू नका. हा हात कधीपासून?"

लटारूनं बाही खाली ओढली. "सकाळी बरा असते."

"सकाळचं विचारलं नाही मी."

वासरू पुन्हा हंबरलं. लटारू रस्त्याकडे पाहत राहिला आणि मग, अंगणात बाबूभाईपुढे जशी बाही वर केली तसं, त्यानं सांगून टाकलं. "सक्रांतीपासून. हँडल उलटं आलं."

"आणि तुम्ही इतके दिवस..."

"उतार पाहून लावत होतो."

इंदुताईंना गावोगावच्या तलावाच्या पाळी आठवल्या. सभेपासून लांब, उन्हात, पाळीच्या टोकावर उभी असलेली मोटार. आणि लटारूभाऊंना गाडी कुठं उभी करावी याची अक्कल नाही, म्हणून आपण दरवेळी पाय आपटत तिथवर चाललो, तेही.

"नानाजी उद्या येतीन," लटारू म्हणाला.

"येऊ द्या. जेवून जातील. इंजिन मिळणार नाही म्हणून सांगते." त्या उठल्या. "आणि आपण दवाखान्यात जायचं. सकाळी नाही, दुपारी. हात फुगला की."

लटारूनं मान हलवली. मग हलवता हलवता थांबला. "पन बाई, तवर हँडल कोन मारन?"

"मी." इंदुताईंनी पदर खोचला आणि पुढं जाऊन मोटारीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. "ढकलता येते तर फिरवताही येईल. शिकवा मला. करा बंद."

लटारूनं किल्लीवर हात ठेवला. पण ती फिरवली नाही. खाली पायाशी ती बारीक गुरगुर चालू होती, कुणाकडे काही न मागता.

"उद्या शिकवतो बाई," तो म्हणाला. "आज थोडीशी राहू द्या. लय दिवसानं निवांत उभी हाय."